इंग्लंडच्या जुन्या खेड्यातले धंदे आणि आपला गावगाडा: नेमके मराठी शब्द कोणते लावायचे?

दुधनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी दोन गावांचा तक्ता करायलोत. एका बाजूला निजामी अमलातलं मराठवाड्यातलं गाव आणि दुसऱ्या बाजूला १८५१ सालचं दक्षिण इंग्लंडमधलं खेडं. इंग्लंडच्या बाजूसाठी त्या सालच्या जनगणनेच्या वहीतली काही पानं हाताशी आहेत. प्रत्येक घरातल्या माणसापुढं त्याचा धंदा लिहिलेला आहे.

अडचण शब्दांची आहे. व्हीलराइट म्हणजे सुतार आणि ब्लॅकस्मिथ म्हणजे लोहार असं सरळ लिहिलं तर चालेल का? त्यांना आपल्यासारखं बलुतं मिळायचं का? शेतात राबणाऱ्यांसाठी दोन नावं दिसतात, 'फार्म सर्व्हंट' आणि 'ॲग लॅब'. दोघंही शेतमजूरच, मग वेगळं का लिहिलंय? थॅचर, पिंडर, कॉर्डवेनर यांना काय म्हणायचं? आणि बायकांच्या नावापुढचा रकाना जवळजवळ सगळा कोरा आहे, तो तसाच ठेवायचा का?

तक्त्याखाली गाडीच्या चाकाचं चित्र टाकायचं आहे, कारण ते दोन्हीकडं सारखंच दिसतं. ते बनवायची रीतही सारखीच होती का, तेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

मांजराकाठ

शब्द निवडताना हत्याराकडं बघू नका. त्या माणसाच्या घरात दाणे कसे यायचे ते बघा. वाकस आणि रंधा दोघांच्याही हातात असला तरी तेवढ्यानं दोघं एक होत नाहीत.

आपल्या सुताराचं काम वर्षाच्या बोलीचं. तिफण, वखर, नांगर, जू ही औतं वर्षभर चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यायचा. वाटा किती, ते थोरल्या, मधल्या किंवा धाकट्या ओळीवर ठरलेलं. नवं गाडं केलं किंवा घराच्या तुळया चढवल्या तर त्याची मजुरी वेगळी. हा हक्क घराण्याचा होता, तो बापाकडून लेकाकडं यायचा आणि भावाभावांत वाटलाही जायचा.

इंग्लंडच्या खेड्यात १८५१ साली यातलं काही नव्हतं. तिथं खातेवही होती. फाळ शेवटला, नाल बदलले, चाकाचा आरा बसवला की प्रत्येक कामाची रक्कम त्या शेतकऱ्याच्या नावावर मांडायची. हिशेब मात्र वर्षातून एकदा, बहुतेक नाताळच्या आसपास किंवा सुगीनंतर. म्हणजे लोहार वर्षभर लोखंड आणि कोळसा स्वतःच्या पैशानं आणायचा, शेतकरी वर्षाअखेर चुकता करायचा. शेतकरी बुडाला की वहीतली रक्कमही बुडाली. आपल्याकडं पीक बुडालं तर बलुतं कमी यायचं, पण पुढच्या सुगीचा हक्क शाबूत राहायचा. तक्त्यात हा फरक आलाच पाहिजे, तो सगळ्यात मोठा आहे.

धंद्यात शिरायची वाटही वेगळी. तिथं जातीचं बंधन नव्हतं, उमेदवारीचं होतं. १५६३ च्या कायद्यानं किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. ती सक्ती १८१४ साली उठली, पण पाच-सात वर्षं उस्तादाच्या हाताखाली काढायची रीत पुढंही टिकली. बाप उस्तादाला ठरावीक रक्कम द्यायचा आणि पोरगं उस्तादाच्याच घरी जेवायचं-झोपायचं. करार एकाच कागदावर दोनदा लिहायचे आणि मधून नागमोडी कापून दोघांना एकेक तुकडा द्यायचे. पुढं भांडण झालं तर दोन्ही तुकड्यांचे दाते जुळतात का ते बघायचे. मजुराचा पोरगा लोहार होऊ शकायचा, अडायचं ते उमेदवारीच्या रकमेपाशी.

बलुत्याच्या जवळ जाणाऱ्या गोष्टी तिथं दोन होत्या. एक गिरणीवाल्याचा वाटा. तो दळलेल्या धान्यातला ठरलेला हिस्सा, बऱ्याच ठिकाणी सोळावा, काढून घ्यायचा. १७९६ च्या कायद्यानं त्याला दराचा फलक लावून पैशात मजुरी घ्यायला लावलं. दुसरी चर्चच्या पाद्र्याचा दशमांश, म्हणजे पेंढ्या, लोकर, कोकरं, अंडी यांतला दहावा भाग. १८३६ च्या कायद्यानं त्याचीही रोख पट्टी झाली. तुमच्या १८५१ च्या पानांपर्यंत दोन्ही पैशात आलेलं आहे, त्यामुळं तक्त्यात बलुतं हा शब्द इंग्लंडच्या बाजूला कुठंच लावू नका.

व्हीलराइटला 'चाकं-गाड्या करणारा सुतार' लिहा. घरबांधणीचा सुतार तिथं निराळा धंदा होता आणि वहीत त्याचं नावही निराळं येतं.

बालाघाट

चाकाबद्दल सांगतो. भाग दोन्हीकडं तेच: मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर पाटे, म्हणजे गोल कड बनवणारे लाकडी तुकडे, आणि सगळ्यावर लोखंडी धाव. एका पाट्यात दोन आरे बसतात, म्हणून बारा आऱ्यांना सहा पाटे आणि चौदा आऱ्यांना सात.

लाकडात फरक आहे. आपल्याकडं बाभूळ तुंब्यापासून पाट्यापर्यंत सगळीकडं चालते. इंग्लंडमध्ये एका चाकात तीन झाडं लागायची. तुंबा एल्मचा, कारण एल्मचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि गोल तुंब्याला बारा-चौदा खाचा पाडल्या तरी तो चिरत नाही. आरे ओकचे, तेही करवतीनं कापलेले नाहीत तर धाग्याच्या दिशेनं फोडलेले. कापलेल्या आऱ्यात धागा मधेच तिरका तुटतो आणि भार आला की आरा तिथंच मोडतो. पाटे ॲशचे, कारण ॲश चिवट असतो आणि दगडावर आदळल्याचा झटका पिऊन टाकतो.

लाकूड सुकवण्याचा ढोबळ हिशेब इंचाला एक वर्ष असा होता. तुंब्याच्या ओंडक्याला आधी मधोमध आरपार भोक पाडून ठेवायचे. तसं केलं नाही तर बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि ओंडका तडकतो. म्हणून व्हीलराइटच्या अंगणात पुढच्या कित्येक वर्षांचं लाकूड पडलेलं असायचं. मांजराकाठ यांनी सांगितलेल्या खातेवहीचा भार इथंही येतो, कारण लाकडात अडकलेला पैसा वर्षानुवर्षं सुटत नाही.

चित्र काढताना एक गोष्ट नक्की दाखवा. इंग्लिश चाक सपाट नसतं, बशीसारखं असतं. आरे तुंब्यातून निघून थोडे बाहेरच्या बाजूला कलतात. घोडा चालताना अंग डावीकडं-उजवीकडं टाकतो, त्यामुळं प्रत्येक पावलाला गाडीचा भार एका बाजूच्या तुंब्याला बाहेर ढकलतो. आरे सरळ असले तर ते या धक्क्यानं खाचेत मागंपुढं हलून खिळखिळे होतात. कललेले असले तर धक्का आऱ्याच्या लांबीत जातो आणि बाहेरून धाव तो आवळून धरते. आता आरे कलले तर जमिनीकडचा आराही तिरपा पडणार. म्हणून आसाचं टोक जरा खाली वाकवायचे. त्यानं नेमका खालचा, म्हणजे भार झेलणारा आरा ओळंब्यात उभा राहतो. वरचे आरे बाहेर कलतात आणि गाडीचा साटा वर रुंद करता येतो.

पाटे बसवताना त्रास होतो तो आऱ्यांच्या टोकांचा. आरे बाहेरच्या बाजूला फाकत जातात, पण पाट्याची दोन भोकं त्या मानानं जवळ असतात. दोन आऱ्यांना एका आकड्याच्या दांड्यानं जवळ ओढून धरायचे आणि तेवढ्यात पाटा ठोकायचा. दोन पाट्यांच्या मधे लाकडी खुंटी असते, आणि तिथं बारीक फट मुद्दाम राखतात. हीच जागा नवशिक्याची चुकते. फट न ठेवता पाटे आधीच एकमेकांना भिडले, तर धाव आवळल्यावर सगळा दाब पाट्या-पाट्यांतच मुरतो आणि आरे सैलच राहतात. वरून चाक घट्ट दिसतं आणि महिन्याभरात खडखडायला लागतं.

धाव चढवणं व्हीलराइट आणि लोहार दोघांचं मिळून काम. चाक तोंड खाली करून लोखंडी पाटावर आवळून बसवतात, पाटाच्या मधल्या भोकात तुंबा जातो. धाव वेगळ्या जाळात लाल करायची, तिघांनी लांब सांडशांनी उचलून आणायची, चाकावर टाकायची आणि घणानं बसवायची. लाकूड लगेच पेटतं. त्या क्षणी पाणी ओतायला माणसं झाऱ्या घेऊन उभी असतात. पाणी उशिरा पडलं तर धावेखाली कोळशाचा थर राहतो, तो पुढं भुगा होऊन गळतो आणि धाव सैल पडते. पाणी वेळेवर पडलं की लोखंड आकसतं आणि एकेक सांधा आवळल्याचा कडकड आवाज येतो.

अखंड धाव रूढ होण्याआधी तिथं लोखंडाचे तुकडे ठोकत. प्रत्येक तुकडा दोन पाट्यांच्या जोडावर येईल असा खिळ्यांनी बसवायचा. तुकडे जोड झाकतात, पण चाक आवळत नाहीत. तुमच्या पानांच्या काळात दोन्ही प्रकार रस्त्यावर असणार.

दुधनाकाठ

बालाघाट भाऊ, मनापासून आभार. एक विचारतो. धाव चाकापेक्षा किती आखूड ठेवायची, हे कसं ठरवायचे? माप कशानं घ्यायचे?

बालाघाट

मापाला मुठीचं एक छोटं फिरतं चाक असायचं. पाट्यावर खडूची खूण करायची आणि तिथून ते चाक कडेनं फिरवत परत खुणेपर्यंत आणायचं. किती फेरे आणि वर किती, ते ध्यानात ठेवायचं. मग तेच लोखंडी पट्टीवर चालवायचं. आकड्याची गरज पडायची नाही. वाकवून जोड तापवून एक केल्यावर तेच छोटं चाक धावेच्या आतल्या बाजूनं फिरवून पुन्हा पडताळायचं.

आखूडपणाचा हिशेब असा लावून बघा. चार फुटी चाकाचा परीघ सुमारे १५१ इंच. लोखंड दर १०० अंश सेल्सिअसला हजारात सुमारे १.२ भाग लांबतं. म्हणजे ६०० अंशांनी तापलं तर १५१ इंचांची धाव इंचाहून थोडी जास्त वाढते. धाव पाऊण इंच आखूड ठेवली तर तापल्यावर पाव इंचाहून थोडी जास्त सवड मिळते. ही सवड परिघातली. व्यासात ती इंचाचा जेमतेम दहावा भाग होते. म्हणून धाव जाळातून निघाल्यावर कुणी रेंगाळून चालत नाही. थोडी निवली की ती पाट्यावर तिरकी अडकते आणि मग पुन्हा जाळात घालावी लागते.

धाव फार आखूड झाली तर चाकाची बशी प्रमाणाबाहेर खोल होते, आरे वाकतात. लांब झाली तर उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर धाव निसटते. यावरचा तात्पुरता इलाज दोन्ही मुलखांत एकच होता. आपल्याकडं चाकं नदीत किंवा डोहात भिजत घालतात, तिथं गाडी तळ्यात किंवा नदीच्या उतारात उभी करायचे. लाकूड फुगतं आणि धाव धरते. हे दुरुस्तीचं काम नाही, दर वर्षी तसं करत राहिलं तर कुसू, म्हणजे आऱ्यांची खाचेत बसणारी टोकं, आतून कुजतात.

लोहाराबद्दल एक भर. तिथल्या लोहाराचं मोठं काम घोड्याच्या नालाचं होतं. दर सहा आठवड्यांच्या आसपास नाल काढून खूर तासायचा, कारण नाल असला तरी खूर वाढतच राहतो. नालाला साधारण सात खिळे, बाहेरच्या अंगाला चार आणि आतल्या अंगाला तीन. गरम नाल क्षणभर खुरावर टेकवतात, जिथं जळकी खूण पडते तेवढाच उंचवटा तासतात. ससेक्ससारख्या भागात बैलाचा नांगर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला होता आणि तिथल्या बैलांना आपल्यासारख्याच एका पायाला दोन पत्र्या ठोकायचे. बैल तीन पायांवर उभा राहत नाही, म्हणून दोरांनी पाडूनच ते करावं लागतं. हे चित्र तुमच्या तक्त्यात दोन्ही बाजूंना शोभेल.

तेरणाकाठ

फार्म सर्व्हंटला मराठवाड्यात तयार शब्द आहे: सालगडी. ॲग लॅब म्हणजे रोजंदार. 'ॲग लॅब' हे 'ॲग्रिकल्चरल लेबरर'चं जनगणनेच्या कारकुनांना लिहिण्यासाठी दिलेलं संक्षिप्त रूप आहे, १८४१ पासूनचं.

आपला सालगडी गुढीपाडव्याला बदलतो. तिथं दक्षिण आणि मध्य भागात साल २९ सप्टेंबरच्या मायकलमसला बदलायचं, उत्तरेत ११ नोव्हेंबरच्या मार्टिनमसला. त्या सुमारास गावोगाव गड्यांचा बाजार भरायचा. काम शोधणारा आपल्या कामाची खूण अंगावर लावून उभा राहायचा: गाडीवान टोपीत चाबकाची दोरी खोवायचा, मेंढपाळ लोकरीचा झुपका. बोली ठरली की शेतकरी हातावर एक नाणं ठेवायचा, बहुधा शिलिंग. हा आपला इसार. नाणं घेतलं की करार पक्का, मग माणूस खूण काढून टाकायचा.

इथपर्यंत सगळं सारखं वाटतं, पण पैशाची दिशा उलटी आहे. आपला सालगडी सालाच्या सुरुवातीला उचल घेतो आणि वर्षभर ती फेडतो. पीक बुडालं, घरात आजारपण आलं की उचल पुढच्या सालात जाते आणि माणूस त्याच वाड्यात अडकतो. तिथला गडी शेतकऱ्याच्या घरी जेवायचा-झोपायचा आणि मुख्य पगार वर्षाअखेर एकरकमी घ्यायचा. त्याला बांधून ठेवणारं कर्ज नव्हतं, कायदा होता. साल पुरं होण्याआधी काम सोडलं तर न्यायाधीशासमोर उभं करून तुरुंगात टाकता यायचं, आणि ही तरतूद १८७५ पर्यंत चालली. शिवाय तिथला गडी बहुतेक अविवाहित तरुण किंवा तरुणी. लग्न झालं की तो वेगळ्या झोपडीत राहायला जायचा आणि रोजंदार व्हायचा. आपल्याकडं सालगडी बायकापोरांसकट असतो आणि घरच्या बाईचं शेणपाणी त्याच पगारात धरलं जातं.

सालाबद्दल आणखी एक. गरिबाला पोसण्याची जबाबदारी तिथं पॅरिशवर, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या गावावर होती. अविवाहित गड्यानं एका ठिकाणी पुरं एक वर्ष चाकरी केली की त्याला त्या गावचा हक्क लागायचा. तो टाळायला पुष्कळ शेतकरी एक्कावन्न आठवड्यांचाच करार करायचे. १८३४ च्या कायद्यानं चाकरीनं हक्क मिळायची वाट बंद केली. दक्षिणेत तोवर सालगडी ठेवायची रीत बरीच मोडली होती, म्हणून तुमच्या पानांवर फार्म सर्व्हंट थोडे आणि ॲग लॅब जास्त दिसणार. उत्तरेतलं पान असतं तर उलट दिसलं असतं.

मजुरीचा आकडा द्यायचा असेल तर शेतीचे अभ्यासक जेम्स केअर्ड यांनी १८५०–५१ मध्ये केलेल्या पाहणीतला द्या: आठवड्याला उत्तरेत सरासरी ११ शिलिंग ६ पेन्स, दक्षिणेत ८ शिलिंग ५ पेन्स (१२ पेन्सचा एक शिलिंग). उत्तरेत गिरण्या आणि खाणी जवळ होत्या, तिथं माणूस निघून जाऊ शकायचा, म्हणून शेतकऱ्याला जास्त द्यावं लागायचं. दक्षिणेत ती सोय नव्हती. पाऊस लागला की रोज बुडायचा. हिवाळ्यात खळ्यावर काठीनं धान्य झोडपण्याचं काम हाच आधार होता, आणि मळणीयंत्र आल्यावर तोही गेला. १८३० साली केंटपासून मजुरांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली ती त्यासाठी. १८३३ मध्ये डॉर्सेटमधल्या टॉलपडलच्या मजुरांनी मजुरी घटवण्याविरुद्ध संघटना बांधली, तर १८३४ मध्ये गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून त्यांतल्या सहा जणांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला धाडलं. असे रोजंदार १८५१ च्या वहीत नुसत्या दोन संक्षिप्त शब्दांत येतात, म्हणून तक्त्यात त्यांच्यासाठी जागा राखा.

सिंदफणा

बायकांचा रकाना कोरा ठेवाच, पण त्याच्या शेजारी का कोरा आहे ते लिहा.

ती जनगणना ३० मार्च १८५१ च्या रात्रीची. सुगी ऑगस्टमध्ये. खुरपणी, दगड वेचणी, गवत वाळवणी, पेंढ्या बांधणी ही बायकांची कामं हंगामी, त्यामुळं कारकुनानं त्यांना धंद्यात धरलंच नाही. ज्या जिल्ह्यांत घरबसल्या विकायचं काम होतं तिथं मात्र रकाना भरलेला असतो. बेडफर्डशर, हर्टफर्डशर, बकिंगहॅमशर इथं 'स्ट्रॉ प्लेटर' घराघरात आढळते. गव्हाचं काड सांध्याशी कापून सारख्या लांबीचे तुकडे करायचे, गंधकाच्या धुरीनं उजळायचे, छोट्या पात्यांच्या हत्यारानं उभे चिरायचे, ओले करून वेणी घालायची. वेणी वीस-वीस वारांच्या हिशेबानं विकली जायची आणि ल्यूटनला तिच्या टोप्या व्हायच्या. काड कोरडं राहिलं तर वेणी घालताना तडकतं, फार भिजलं तर काळपट डाग पडतात. चार-पाच वर्षांच्या लेकरांना 'प्लेट स्कूल' मध्ये बसवायचे. तिथं अक्षरओळख नावाला होती, खरं काम वेणीचं. 'शाळेत जाणारं' असा शेरा दिसला आणि जिल्हा यांपैकी असला तर ते ध्यानात घ्या.

आणि सरवा विसरू नका. पेंढ्या उचलल्यावर शेतात पडलेली कणसं वेचायला बायका आणि पोरं जायची. गरीब घराला त्यातून पुढच्या काही आठवड्यांचं पीठ निघायचं. शेतात एक पेंढी उभी ठेवली असेल तर अजून आत यायचं नाही, ती उचलली की शेत मोकळं. पुष्कळ गावांत चर्चची घंटा वाजल्याशिवाय सुरुवात करायची नाही अशी रीत होती, म्हणजे लहान लेकरं असलेली बाईही वेळेवर पोचावी. १७८८ साली कोर्टानं सरवा वेचणं हा कायदेशीर हक्क नाही असा निकाल दिला, तरी गावच्या रिवाजानं तो पुढं कितीतरी वर्षं चालला. आपल्याकडं सरवा हाच शब्द त्याच कामाला आहे, एका अक्षराचाही बदल करायला नको.

मांजराकाठ

राहिलेले शब्द पटकन सांगतो.

कॉर्डवेनर म्हणजे नवे जोडे करणारा, कॉबलर म्हणजे जुने दुरुस्त करणारा. दोघांनाही चांभार लिहिलं तर भेद बुडतो. घोड्याचा सरंजाम शिवणारा तिसरा, आणि कातडं कमावणारा चौथा. तो ओकच्या सालीत जाड कातडं वर्षभर किंवा जास्त मुरवायचा. आपल्याकडं त्या जागी बाभळीची साल आणि तरवड.

थॅचरला 'छप्पर शाकारणारा' लिहा. 'छप्परबंद' लिहू नका, ते आपल्याकडं एका समाजाचं नाव आहे. काम थोडक्यात असं: गव्हाचं लांब काड ओलं करून सरळ ओढून त्याचे चपटे जुडगे करायचे, खालच्या कडेपासून वर थर लावत जायचे आणि हेझल झाडाच्या चिरलेल्या, मधे पिळून वाकवलेल्या काट्यांनी ते आवळायचे. उतार ४५ ते ५० अंशांचा हवा, थर फूटभर किंवा जास्त. उतार कमी पडला तर पाणी वरच्या काडांवरून न ओघळता आत मुरतं आणि छप्पर कुजतं. आढ्याची पट्टी आधी झिजते, ती दहा-पंधरा वर्षांनी नवी करावी लागते. मजुरी १० फूट बाय १० फुटांच्या चौरसावर. मळणीयंत्रातून निघालेलं काड मोडलेलं असतं, म्हणून शाकारायचं काड वेगळं काढून ठेवावं लागायचं. आपल्या भागात पाऊस बेताचा म्हणून सपाट माळवद टिकतं: तुळया, त्यावर किलचान, पाला आणि पांढरी माती. तक्त्यात दोन घरांचे छेद शेजारी शेजारी काढले तर पावसाचा फरक न सांगता कळेल.

तेरणाकाठ

वही वाचताना चार ठिकाणी पाय घसरतो. १८४१ ची पानं जोडणार असाल तर त्यात १५ च्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. १८५१ मध्ये वय पुरं आहे, घरप्रमुखाशी नातं आहे आणि जन्मगाव आहे. दुसरं, एकाच माणसाचे दोन धंदे असतात. १८३० च्या कायद्यानंतर परवान्याची फी भरून कुणालाही बिअर विकता यायची, म्हणून व्हीलराइटच्या घरातच बिअरचं दुकान असू शकतं. कारकुनानं त्यातला एकच लिहिलेला असतो. तिसरं, आडनाव स्मिथ म्हणून तो लोहार समजू नका, तोवर आडनावाचा आणि धंद्याचा संबंध तुटला होता. चौथं, शेतकऱ्यापुढं '२०० एकर, ८ मजूर' असं असतं. ते मजूर त्याच गावचे असतील असं नाही, पुष्कळ जण शेजारच्या गावातून चालत यायचे. त्यामुळं गावातले ॲग लॅब मोजून हा आकडा जुळवायला जाऊ नका.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. सालगडी, सरवा, इसार हे शब्द थेट घेतो. पिंडरचं तेवढं राहिलं.

सिंदफणा

पिंडर म्हणजे कोंडवाडेवाला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली किंवा गायरानात हक्काबाहेर सोडलेली जनावरं हाकून आणून दगडी किंवा लाकडी कुंपणाच्या चौकोनात कोंडायची. मालकानं नुकसान आणि दंड भरला की सोडायची. दंड न भरता कोंडवाडा फोडून जनावर नेणं हा वेगळा गुन्हा होता. हेवर्ड हा त्याचा जुना जोडीदार, तो कुंपणं आणि सामाईक कुरणं राखायचा.

हे काम गायरानावर अवलंबून होतं. १७६० ते १८३० या काळात पार्लमेंटच्या एकेका गावापुरत्या कायद्यांनी गायरानं आणि मोकळी शेतं वाटून त्यांना कुंपणं घातली. ज्याची एखादी गाय सामाईक कुरणावर चरायची, त्याची गाय गेली आणि तो निव्वळ रोजंदार झाला. तुमच्या गावात ही वाटणी झाली असेल तर १८५१ मध्ये पिंडर दिसणं अवघड. दिसतोय याचा अर्थ तिथं अजून थोडं गायरान शिल्लक असण्याची शक्यता आहे. १८३६ च्या दशमांश कायद्यानंतर पुढच्या काही वर्षांत गावोगाव जे नकाशे काढले, त्यात प्रत्येक शेताला क्रमांक आहे आणि सोबतच्या यादीत मालक, कसणारा आणि जमिनीचा प्रकार आहे. त्या गावचा नकाशा मिळाला तर गायरान आणि कोंडवाडा दोन्ही त्यावर शोधा.